माणसे घडवणारा कारखाना : लक्ष्मणराव किर्लोस्कर

कच्चा माल कोठून आणावा, किती साठवावा, तयार वस्तू कोणत्या मार्गाने आणि किती दिवसांत ग्राहकाच्या दारी पोहोचवावी, या जुन्याच हिशेबाला आज पुरवठा साखळीचे व्यवस्थापन असे भारदस्त नाव लाभले आहे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतून निघालेला माल बंदरातून परदेशी जाईपर्यंत त्याचा प्रत्येक टप्पा संगणकाच्या पडद्यावर दिसावा, अशी उद्योजकाची अपेक्षा असते. ती पुरी करणाऱ्या सॉफ्टवेअर सल्लागार कंपन्यांचा एक स्वतंत्र व्यवसायच उदयास आला आहे. या व्यवसायाला खाण लागत नाही, भट्टी लागत नाही. जाणकार आणि भरवशाची माणसे एवढेच त्याचे भांडवल. म्हणूनच तेथे कार्यसंस्कृती हा शब्द वारंवार कानी पडतो. शब्द नवा असला तरी त्यामागील आचरण मराठी मुलखाला अपरिचित नाही. रेल्वेच्या एका आडवळणी स्थानकाशेजारी, निवडुंगाने भरलेल्या माळावर, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने हे आचरण प्रत्यक्षात आणले आणि त्याच्याच बळावर लोखंडी नांगराचा उद्योग वाढवला. तो माणूस म्हणजे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. घराणे मूळचे कोकणातले. संगीत सौभद्र रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच कुळातले आणि त्यांचाही जन्म गुर्लहोसूरचाच. गोमंतकीय रसिकाला किर्लोस्कर हे नाव प्रथम नाट्यपदांमुळे आठवते. यंत्रांमुळे ते आठवू लागले ते नंतर. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचे मन मात्र पाठांतरात रमेना. चित्रे काढावीत आणि यंत्रांचे भाग उलगडून पाहावेत, या दोनच गोष्टींत त्याला गोडी होती.

थोरले बंधू रामुअण्णा यांच्या आधाराने १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. रेखाटनात त्यांचा हात चांगला होता. परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नसल्याचे पुढे ध्यानात आले. चित्रकार होण्याची वाट तेथेच खुंटली. तरीही मुंबई न सोडता त्यांनी यांत्रिक रेखाचित्रणाचा अभ्यास केला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक म्हणून नोकरी धरली. शिकवण्याचे काम आटोपल्यावर तेथील यंत्रशाळेत जाऊन ते यंत्रांचे व्यवहार स्वतः समजून घेत. काही वर्षांनी बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन शिक्षकाला देण्यात आली. गुणापेक्षा जन्म मोठा ठरवणाऱ्या व्यवस्थेत राहण्यापेक्षा त्यांनी राजीनामा देणे पसंत केले. पुढील आयुष्यात माणूस निवडताना त्यांनी जात, पदवी किंवा पूर्वचरित्र यांना फारसे महत्त्व दिले नाही. त्याचे एक मूळ या अनुभवात असावे.

किर्लोस्कर बंधूंचा व्यवसाय १८८८ पासूनचा मानला जातो. मुंबईत पाहिलेल्या सायकलने लक्ष्मणरावांचे कुतूहल जागे केले होते. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि रामुअण्णा बेळगावात त्या विकत. सायकल ही त्या काळी नवलाची आणि महागडी वस्तू. ती विकत घेणाऱ्याला तिच्यावर बसायला शिकवणेही भाग होते, म्हणून शिकवण्याची व्यवस्थाही दुकानानेच केली. वस्तू विकून मोकळे न होता ती वापरता येईपर्यंत ग्राहकाची सोबत करायची, ही सल्लागारी वृत्ती या घराण्याच्या व्यवहारात अशी पहिल्यापासूनच होती. आजही गोव्यातून बाजारहाटासाठी बेळगावला जाणाऱ्यांच्या ओळखीचा असलेला किर्लोस्कर रोड त्या दुकानाची आठवण जपून आहे.

मुंबईची नोकरी सोडल्यावर लक्ष्मणराव बेळगावला परतले आणि दुकानाच्या जोडीने त्यांनी छोटी यंत्रशाळा सुरू केली. प्रथम जनावरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. त्यानंतर १९०३ मध्ये लोखंडी नांगर आकारास आला. बेळगावपासून थेट सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सौंसर, पांढुर्णा, रामाकोना या मराठीभाषक सीमाभागापर्यंत काळ्या जमिनीचे पट्टे पसरलेले आहेत. हरळी आणि कुंदा यांसारख्या तणांची मुळे अशा जमिनीत खोलवर जातात. लाकडी नांगराच्या आवाक्यात ती येत नसत. खोल नांगरट करायची तर अवजड नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. लोखंडी नांगर जमीन खोलवर कापून उलथवू शकत होता. विलायती कंपन्यांचे असे नांगर बाजारात होते. देशी बनावटीच्या नांगराची भर पडली, तरी शेतकरी पुढे येईनात. लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष भिनते, असा समज खेड्यापाड्यांत पसरलेला होता. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याच्या अज्ञानाला दोष देत बसण्याऐवजी त्याची भीती समजून घेतली. संपूर्ण हंगाम पणाला लावून शेतकरी अवजार बदलतो. ते मोडले, तर दुरुस्ती कोण करणार, फाळ झिजला तर नवा कोठे मिळणार, हे प्रश्न त्याच्या दृष्टीने किमतीइतकेच निकडीचे होते. त्यामुळे नांगराबरोबर त्याचे सुटे भाग, ते वेळेवर पोहोचवण्याची सोय आणि वापराची माहिती या साऱ्यांची जबाबदारी उत्पादकावर येते, हे लक्ष्मणरावांनी ओळखले. शेतात प्रत्यक्ष चालवून दाखवलेला नांगर हीच त्यांची जाहिरात ठरली. हळूहळू मागणी येऊ लागली.

व्यवसायाने बाळसे धरले तोच संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेने शहरविस्तारासाठी कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. यंत्रे हलवायची कोठे आणि कामगारांना न्यायचे कोठे, हा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांची योग्यता जाणून होते. आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन त्यांनी देऊ केली आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. जमीन कसली, तो निवडुंग आणि सापांनी व्यापलेला माळ होता. पाण्याची वानवा होती. एक गोष्ट मात्र अनुकूल होती. रेल्वेमार्ग शेजारून जात होता. बिडाचे लोखंड आणि कोळसा आणण्यासाठी, तसेच तयार नांगर दूरच्या तालुक्यांत पाठवण्यासाठी तोच एकमेव आधार होता.

१० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव आपल्या माणसांसह त्या माळावर आले. बेळगावसारखे शहर सोडून सुमारे पंचवीस कामगारांनी कुटुंबांसह त्यांच्याबरोबर यावे, हीच मोठी गोष्ट होती. वाट पाहायला तेथे ना शाळा होती, ना दवाखाना, ना बाजार. मालकाने सांगितले म्हणून कोणी बायकामुलांना घेऊन सापांच्या माळावर राहायला जात नाही. आधीच्या वर्षांत मिळालेल्या वागणुकीवरचा भरवसा त्यांना तेथे घेऊन आला. निवडुंग तोडून, झोपड्या आणि पत्र्याच्या शेड उभारून कारखाना सुरू झाला. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी वसाहतीतील कुटुंबांना आपलेसे केले. पुढे वसाहतीला किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले आणि स्थानकालाही तेच नाव लाभले. जमशेदपूरच्या पाठोपाठ देशात वसलेल्या सुरुवातीच्या औद्योगिक नगरांत तिची गणना होते.

लक्ष्मणरावांनी गोळा केलेली माणसे पाहिली की त्यांच्या पद्धतीचा उलगडा होतो. के. के. कुलकर्णी यांचा कोठल्याच नोकरीत जम बसत नव्हता. किर्लोस्करवाडीत ते व्यवस्थापक आणि पडेल ते काम निभावणारे गृहस्थ झाले. शंभोराव जांभेकर हे बाष्पयंत्रावर फायरमन म्हणून काम केलेले. तेथे ते अभियंता म्हणून नावारूपास आले. अनंतराव फळणीकरांचे शालेय शिक्षण अर्धवट सुटलेले, परंतु कल्पक यंत्ररचनेत त्यांचा हातखंडा होता. मंगेशराव रेगे यांनी कचेरी आणि हिशेब सांभाळले. मोठ्या कंपनीच्या दारात यांपैकी बहुतेकांचे अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडले असते. लक्ष्मणराव मात्र माणसाला काम देऊन पाहत, चुकण्याची मुभा देत आणि तो ज्या कामात रमला ते काम त्याच्याकडे सोपवत.

सर्वाधिक चर्चा झाली ती रखवालदारांच्या नेमणुकीची. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्या नावावर दरोडेखोरीचा इतिहास होता. त्या काळी काही जमातींवर सरकारी कायद्यानेच गुन्हेगारीचा शिक्का मारलेला असे आणि एकदा तुरुंगात गेलेल्याला गावात रोजगार मिळणे जवळजवळ अशक्य असे. लक्ष्मणरावांनी या दोघांच्या हाती कारखान्याची राखण दिली. ज्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हते, त्यांच्यावर सर्वांत मोठा विश्वास टाकला गेला आणि त्यांनी तो सार्थ केला. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही नियम लक्ष्मणरावांनी घालून दिला. १९१० च्या दशकात, सोवळ्याओवळ्याच्या कल्पना घट्ट असलेल्या परिसरात, ही गोष्ट सोपी नव्हती. ज्या शिक्षकाला जन्मामुळे बढती नाकारली गेली होती, त्याने आपल्या अधिकारात असलेल्या भूमीवर जन्माधारित अडथळा ठेवला नाही.

या सगळ्याचा धंद्याशी संबंध काय, असा प्रश्न व्यवहारी माणसाला पडेल. त्याचे उत्तर पहिल्या महायुद्धाच्या काळात मिळते. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले आणि समुद्रमार्गाने येणारा माल आटला. विलायती नांगर येईनासे झाल्याने देशी नांगराची मागणी वाढली. परंतु तो बनवण्यासाठी लागणारे लोखंड आणि कोळसा हेही दुर्मीळ झाले. पुरवठ्याची साखळी दोन्ही टोकांना ताणली गेली. अशा वेळी ठराविक कामच जाणणारा कारागीर हतबल होतो. किर्लोस्करवाडीतील माणसांना अनेक कामांची सवय होती. जुने, मोडीत निघालेले लोखंड गोळा करून ते वितळवण्याचा मार्ग अवलंबण्यात आला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या निकामी तोफा दिल्या आणि त्यांच्या लोखंडातून नांगर घडले. आयात बंद पडल्याने इतर ठिकाणी काम थांबत असताना येथील भट्टी पेटती राहिली. पर्याय शोधणारी माणसे आधीच जवळ होती, म्हणून हे शक्य झाले.

युद्धानंतर, जानेवारी १९२० मध्ये, किर्लोस्कर ब्रदर्स मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव ऊर्फ शं. वा. किर्लोस्कर यांनी किर्लोस्कर खबर हे पत्र सुरू केले. कारखान्याची बातमी विक्रेत्यांना आणि गिऱ्हाइकांना कळावी, यंत्रांचा वापर समजावा, हा त्याचा आरंभीचा हेतू. गावोगावच्या विक्रेत्याला वाडीत काय चालले आहे हे कळू लागले आणि वाडीला बाहेरच्या जगाची खबर मिळू लागली. पुढे या पत्राचे किर्लोस्कर मासिक झाले. १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही मासिके निघाली. नांगर बनवणाऱ्या वसाहतीतून मराठी मध्यमवर्गाचे विचार ढवळून काढणारी नियतकालिके निघावीत, ही घटना विलक्षण खरी. तथापि तिचा उगम ग्राहकाशी मोकळेपणाने बोलत राहण्याच्या साध्या गरजेत होता.

नांगराच्या पाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पंप अशी उत्पादने वाढत गेली. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून अभियांत्रिकी शिकून १९२६ मध्ये परतले. अनुभवातून शिकलेली जुनी माणसे आणि पदवी घेऊन आलेली नवी पिढी यांचा मेळ घालणे ही कोणत्याही वाढत्या उद्योगाची कसोटी असते. लक्ष्मणरावांनी नव्या पिढीकडे टप्प्याटप्प्याने कारभार सोपवला. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि शेतकऱ्याची नांगर घेण्याची ऐपत उरली नाही. तेव्हा लोखंडी फर्निचरसारखी वेगळी उत्पादने काढून कारखान्याने हातांना काम पुरवले. मागणी घटली की माणसे कमी करण्याचा मार्ग सर्वांत सोपा असतो. परंतु वर्षानुवर्षांत घडवलेले कसब त्याबरोबरच निघून जाते आणि चांगले दिवस परतल्यावर ते विकत मिळत नाही.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. किर्लोस्करवाडीची व्यवस्था कुटुंबप्रमुखाच्या व्यवस्थेसारखी होती. सर्वांची काळजी घेणारा एक वडीलधारा आणि त्याच्या शब्दाला मान देणारी माणसे, असा तिचा घाट होता. वाडीच्या कुंपणाच्या आत जो विश्वास रुजला, तो भोवतालच्या समाजातही तितकाच रुजला होता, असे म्हणता येत नाही. याचा दारुण प्रत्यय १९४८ मध्ये आला. ३० जानेवारीला महात्मा गांधींची हत्या झाली आणि दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर व मालमत्तांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. ज्या वसाहतीने जातिभेद दूर ठेवण्याचा प्रयत्न केला, तिलाच मालकांच्या जातीमुळे आग लागावी, हा दैवदुर्विलास होता. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. अडतीस वर्षांची उभारणी राख झालेली पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला.

कारखाना पुन्हा उभा राहिला. इमारती आणि यंत्रे जळाली होती. काम जाणणारे हात शाबूत होते. तोपर्यंत किर्लोस्कर समूहाचा विस्तार वाडीबाहेरही झाला होता. हरिहरला यंत्रसाधनांचा कारखाना १९४१ मध्ये निघाला होता, तर १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची आणि बंगळुरूला विद्युत यंत्रांची कंपनी स्थापन झाली होती. पुनर्उभारणीची धुरा शंतनुरावांच्या पिढीने वाहिली. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

पुरवठा साखळीचे सॉफ्टवेअर ग्राहकाच्या गोदामातील साठा मोजते, उशिराची सूचना देते आणि पर्यायी मार्गही सुचवते. ते बसवून देणाऱ्या सल्लागाराला मात्र लक्ष्मणरावांपुढे होते तेच प्रश्न सोडवावे लागतात. नवी पद्धत आणली तर आपली जागा जाईल, अशी धास्ती गोदामातील कारकुनाला वाटते. लोखंडाच्या विषाची भीती बाळगणारा शेतकरी त्याच्याहून वेगळा नव्हता. ती धास्ती दूर करायला यंत्राची माहिती पुरत नाही, संयमाने समजावून सांगणारा माणूस लागतो. आणि ज्या कंपनीत चूक कबूल करणाऱ्याला शिक्षा होते, पदवी पाहून माणसाची किंमत ठरते आणि काम घटताच माणसे काढली जातात, तिच्या कर्मचाऱ्याकडून ग्राहकाला असा संयम मिळण्याची शक्यता कमीच. आतली वागणूकच अखेर बाहेर पोहोचते.

गोव्यासारख्या छोट्या राज्यात शिकलेली मुले नोकरीसाठी पुणे, बंगळुरू किंवा परदेशाची वाट धरतात. त्यांना येथेच सामावून घेऊ पाहणाऱ्या नव्या उद्योजकांपुढे भांडवल, जागा आणि बाजारपेठ यांच्या अडचणी उभ्या आहेतच. लक्ष्मणरावांच्या वाट्याला आलेली जागा याहून बिकट होती आणि बाजारपेठ तर नांगराला हात लावायलाही तयार नव्हती. त्यांनी आरंभ केला तो इतरांनी नाकारलेल्या माणसांना काम सोपवून. पुणे-मिरज मार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला किर्लोस्करवाडी हे स्थानक आजही लागते. त्या माळावर आता निवडुंग नाहीत. पंप घडवणारा कारखाना तेथे अद्याप चालू आहे.